टणक दांड्या आणि रिकामी घरं : प्रकल्प नोंदी

७ जून
विषय पक्का केला. चौकोनी जाळी, तिच्यावर टणक सरळ दांड्या. एक दांडी ओळीतली 'के' घरं अडवते, आडवी किंवा उभी. एका घरावर दोन दांड्या चालत नाहीत. बस, एवढाच नियम. कणांमध्ये ओढ नाही, तिटकारा नाही. नियमात बसणाऱ्या प्रत्येक मांडणीची ऊर्जा शून्य, त्यामुळे तापमान असलं काय, नसलं काय, सारखंच. हाताशी राहते फक्त ॲक्टिव्हिटी, म्हणजे झेड: प्रत्येक दांडीमागे मांडणीच्या वजनाला होणारा गुणाकार. ती वाढवली की जाळीवर गर्दी वाढते. तिचा लॉगॅरिदम म्हणजे केमिकल पोटेन्शियल, म्यू.

ऊर्जेचा पत्ता नसताना इथे अवस्था बदलतात, आणि त्या निव्वळ एंट्रॉपीच्या, म्हणजे शक्य मांडण्यांच्या संख्येच्या (तिच्या लॉगॅरिदमच्या) जोरावर बदलतात. के = ७ असताना तर असं दोनदा होतं. गर्दी वाढली की दांड्या एका दिशेला वळतात, आणि आणखी वाढली की ती दिशा पुन्हा मोडते. ही दोन्ही अवस्थांतरं स्वतःच्या कोडमध्ये बघायची आहेत. छापील आकडे आहेतच, ते पुन्हा काढण्यात मला फार रस नाही. असं का होतं, याचा हिशेब कागदावर जमला पाहिजे. तो जमला तर प्रकल्प झाला असं समजेन.

९ जून
सरावासाठी दांड्यांआधी सोपं मॉडेल घेतलं: एका घरात कण असेल तर त्याच्या चारही शेजारघरांत कण नको. लहान जाळ्यांवर सगळ्या मांडण्या मोजून कोड तपासला. १×१ ला २, २×२ ला ७, ३×३ ला ६३, ४×४ ला १२३४, ५×५ ला ५५४४७. पुढे संख्या इतकी झपाट्यानं वाढते की मोजणी सोडून ट्रान्सफर मॅट्रिक्सकडे, म्हणजे एकेक ओळ जोडत हिशेब करण्याच्या पद्धतीकडे, वळावंच लागतं.

एका मितीत, म्हणजे एकाच ओळीत, हे मॉडेल हातानं सुटतं. ओळीत एक घर वाढलं की मांडण्यांच्या वजनांची बेरीज जितक्या पटीनं वाढते ती पट म्हणजे लॅम्डा. लॅम्डाचा वर्ग = लॅम्डा + झेड. झेड १ ठेवला तर सुवर्ण गुणोत्तर, १.६१८. झेड कितीही वाढवला तरी लॅम्डा कुठे अडखळत नाही, म्हणून एका मितीत अवस्थांतर नाही.

दोन मितींत मात्र झेड ३.७९६२ च्या आसपास पोचला की कण बुद्धिबळाच्या पटासारखे एकाच रंगाच्या घरांवर जमू लागतात. तिथे घनता ०.३६७७ असते, कमाल घनता ०.५. असं अवस्थांतर होतंच, याची गणिती सिद्धता डोब्रुशिननं १९६८ मध्ये दिली होती.

याचं कारण बघायला मी कणांकडे न बघता रिकाम्या घरांकडे बघतोय, आणि ते सोपं पडतंय. समजा सगळे कण काळ्या घरांवर आहेत. त्यातला कुठलाही एक कण उचलला किंवा परत ठेवला तरी बाकी कोणाला धक्का लागत नाही. प्रत्येक काळं घर स्वतंत्र, त्याला दोन पर्याय. पांढऱ्या घरात एक कण घालायचा तर चार काळी घरं एकदम बांधली जातात. म्हणजे गर्दीत एक रंग धरून राहण्यातच मोकळीक जास्त. नीटनेटक्या मांडणीत एंट्रॉपी कमी असते हे शाळेपासून डोक्यात बसलेलं समीकरण इथे उलटं पडतं. रंगाची निवड करण्यात जी एंट्रॉपी गेली ती साऱ्या जाळीत मिळून एका ln २ एवढी. मिळाली ती मात्र प्रत्येक घरामागे.

१० जून
त्रिकोणी जाळीवरच्या भावंडावर छोटी नोंद. तिथे सहाही शेजारी वर्ज्य, म्हणून कण षट्कोनी दिसतात. हे मॉडेल रॉडनी बॅक्स्टरनं १९८० मध्ये नेमकं सोडवलं. बदल जिथे होतो तिथला झेड (११ + ५√५)/२, म्हणजे ११.०९०१७, आणि घनता (५ − √५)/१०, म्हणजे ०.२७६४. गंमत अशी की हा झेड म्हणजे सुवर्ण गुणोत्तराचा पाचवा घात. त्या उत्तरात रॉजर्स–रामानुजन नित्यसमीकरणं (अनंत बेरजांना अनंत गुणाकारांशी जोडणारी) येतात. पाऊण पान फक्त ते बघण्यात गेलं, प्रकल्पाला उपयोग शून्य. पण असं नेमकं, सूत्रात मांडता येणारं उत्तर या क्षेत्रात फार दुर्मीळ आहे, म्हणून लिहून ठेवलं.

१३ जून
आता दांड्या. के = २ म्हणजे डायमर. रिकामी घरं शिल्लक असताना डायमरमध्ये अवस्थांतर होत नाही, हे हाइलमन आणि लीब यांनी १९७२ मध्ये सिद्ध केलं. जाळी पूर्ण भरली की गोष्ट वेगळी. ८×८ चा पट डायमरनी १२९८८८१६ तऱ्हांनी झाकता येतो. हा आकडा कास्टेलायन आणि टेम्परली–फिशर यांच्या १९६१ च्या सूत्रातून निघतो. माझ्या ट्रान्सफर मॅट्रिक्सनंही तोच दिला, म्हणून पुढे जायला हरकत नाही.

लांब दांड्यांची गोष्ट ऑन्सॅगरपासून सुरू होते, १९४९. त्याच्या दांड्या अवकाशात तरंगणाऱ्या, पातळ आणि खूप लांब होत्या. त्यानं दाखवलं की एकमेकींना जागा नाकारणं एवढ्यावर त्या एका दिशेला वळू शकतात. जाळीवर तोच हिशेब करून बघितला. दोन आडव्या दांड्या: एक ठेवली की दुसरीला २के − १ जागा बंद होतात. एक आडवी, एक उभी: के² जागा बंद. के = ७ ला १३ विरुद्ध ४९. फरक (के − १)², इथे ३६.

दिशा निवडायची मोकळीक सोडायची किंमत दांडीमागे जास्तीत जास्त ln २. बदल्यात बंद जागा कमी होतात. दोन दांड्यांच्या टकरीपर्यंतच हिशेब ठेवला तर दिशाहीन अवस्था घनता (आता झाकलेल्या घरांचा वाटा) २के/(के − १)² ला डळमळते. के = ३ ला हे १.५ येतं, म्हणजे अशक्य. के = ४ ला ०.८९. के = ७ ला ०.३९.

या हिशेबानं चारची दांडी पुरायला हवी. प्रत्यक्षात चौकोनी जाळीवर सात लागते, आणि सातलाही वळण ०.३९ ला न येता ०.७४५ च्या आसपास येतं. आनंदमोहन घोष आणि दीपक धर यांनी २००७ मध्ये सातची ही मर्यादा दाखवली. माझ्या हिशेबात दोनच दांड्या एकमेकींना ओळखतात. खऱ्या गर्दीत एका दांडीनं अडवलेल्या जागा दुसरीनं आधीच अडवलेल्या असतात, म्हणून आडवं-उभं असण्याचा तोटा कागदावर वाटतो तितका राहत नाही. धर, राजेश आणि श्टिल्क यांनी २०११ मध्ये झाडासारख्या फांद्यांची, प्रत्येक घराला चार शेजारी असलेली जाळी घेऊन हे मॉडेल नेमकं सोडवलं, तिथे खरंच चार पुरते. म्हणजे चार हा आकडा अगदीच फेकून देण्यासारखा नाही. फिरून त्याच घराला येणाऱ्या वाटा नसलेल्या अशा जाळीवर तो बरोबर आहे.

१७ जून
कोड. सरळसोट पद्धत अशी: यादृच्छिक जागा निवडा, दांडी ठेवा किंवा काढा. विरळ जाळीवर ठीक चालते. घनता ०.८ च्या पुढे गेली की रुतते, कारण एक दांडी काढल्यावर त्या भोकात बसते ती बहुतेक वेळा तीच दांडी, त्याच दिशेनं. उभी बसायची तर सात सलग घरं उभी रिकामी पाहिजेत, ती कुठून येणार?

कुंडू, राजेश, धर आणि श्टिल्क यांची २०१३ मधली युक्ती वापरतोय. सगळ्या आडव्या दांड्या एकदम उचलायच्या. उभ्या जागच्या जागी. आता प्रत्येक ओळीत उभ्या दांड्यांच्या मधे रिकामे तुकडे उरतात. प्रत्येक तुकडा म्हणजे स्वतंत्र एकमितीय प्रश्न, आणि तो नेमका सुटतो. मग तुकडा नव्यानं, बरोबर त्या संभाव्यतेनं भरायचा. ओळींचा एकमेकींशी संबंध नाही, त्यामुळे सगळ्या ओळी समांतर चालवता येतात. नंतर हेच उभ्या दांड्यांना.

तुकडा भरायचा तर एन घरांच्या तुकड्यातल्या सगळ्या मांडण्यांच्या वजनांची बेरीज, झी(एन), लागते: झी(एन) = झी(एन−१) + झेड × झी(एन−७). पहिलं घर रिकामं राहण्याची शक्यता झी(एन−१)/झी(एन). बेरजा साठवल्या तर मोठ्या जाळीवर आकडे संगणकाच्या मर्यादेबाहेर जातात, म्हणून थेट गुणोत्तरच साठवतोय. त्याचंही सूत्र सुटसुटीत आहे: नव्या गुणोत्तराचा व्यस्त = १ + झेड × (मागच्या सहा गुणोत्तरांचा गुणाकार).

१८ जून
तपासणीसाठी झेड = ६४ फार सोयीचा. लांबच लांब ओळीत लॅम्डाचा सातवा घात = सहावा घात + झेड. लॅम्डा २ घाला: १२८ = ६४ + ६४. म्हणजे गुणोत्तर ०.५ वर स्थिरावलं पाहिजे आणि घनता ७/८ आली पाहिजे. दोन्ही आलं. पहिली सहा गुणोत्तरं १, सातवं १/६५, मग बराच वेळ खालीवर हेलकावे खात ०.५ कडे. हे हेलकावे बघण्यासारखे आहेत: सातच्या तुकड्यात जवळजवळ हमखास दांडी बसते, आठच्या तुकड्यातही, पण तेराच्यातसुद्धा एकच. तुकड्यांची लांबी सातच्या पटीला किती जवळ आहे यावर बरंच काही ठरतं.

जाळीची समोरासमोरची टोकं जोडलेली आहेत, म्हणून ज्या ओळीत एकही उभी दांडी नाही ती वर्तुळासारखी बंद, तिची बेरीज वेगळी: झी(एन−१) + ७ × झेड × झी(एन−७). सात घरांच्या वर्तुळाला १ + ४४८ = ४४९. दांड्या एका दिशेला वळल्या की बहुतांश ओळी अशाच असतात, तेव्हा हा भाग नीट नसेल तर सगळंच फसवं.

२३ जून
२५२ × २५२ ची जाळी, २५२ सातनं भागतो म्हणून. दिशेचं माप: आडव्या आणि उभ्यांच्या संख्येतला फरक, भागिले एकूण. म्यू हळूहळू वाढवत नेला. विरळ असताना माप शून्याभोवती घुटमळतं. मग छापील घनतेच्या आसपास डोलायला लागतं, कधी आडव्यांकडे, कधी उभ्यांकडे, आणि पुढे एका बाजूला बसतं. के = ६ चालवून बघितला: डोलतं, पण बसत नाही.

पहिलं अवस्थांतर चौकोनी जाळीवर आयझिंगच्या (दोन पर्यायांतून एक निवडणाऱ्या चुंबकी मॉडेलच्या) जातकुळीचं आहे आणि त्रिकोणीवर तीन-अवस्था पॉट्सच्या (तसंच, पण तीन पर्यायांचं मॉडेल). माटोझ-फर्नांडिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हे दाखवलं. घातांक काढत बसलो नाही. खूप लांब दांड्यांसाठी नेमॅटिक अवस्था, म्हणजे दांड्या एका दिशेला वळलेली अवस्था, असतेच, याची सिद्धता डिझर्टोरी आणि जुलियानी यांनी २०१३ मध्ये दिली. हा भाग आता वादापलीकडचा.

२८ जून
आता खरा प्रश्न: घनता आणखी वाढवली की दिशा मोडते का, आणि कशासाठी?

पुन्हा रिकाम्या घरांकडून सुरुवात. सगळ्या दांड्या आडव्या. ओळी स्वतंत्र. ओळीतली सगळी एंट्रॉपी रिकाम्या घरांमुळे: ती इकडे-तिकडे सरकली की दांड्या सरकतात. रिकामी घरं संपली की ओळ कुलूपबंद. पूर्ण भरलेल्या आडव्या जाळीत प्रत्येक ओळीला फक्त ७ तऱ्हा, म्हणजे घरामागे एंट्रॉपी शून्य.

उलट, दिशा मिसळायची मुभा असेल तर रिकामं घर एकही नसताना एंट्रॉपी उरते. जाळीचे ७×७ चे ठोकळे पाडा. प्रत्येक ठोकळा सगळा आडवा किंवा सगळा उभा. घरामागे ln २/४९ = ०.०१४. याहून चांगलं: सात ओळींचा लांब पट्टा घ्या. डाव्या टोकाला एक उभी दांडी लावा, नाही तर सात आडव्यांचा ठोकळा. तिसरा मार्ग नाही. म्हणून तऱ्हा(एन) = तऱ्हा(एन−१) + तऱ्हा(एन−७).

हे तर तेच सूत्र, झेड = १ घातलेलं! मुळाला एक्स म्हणू: एक्सचा सातवा घात = सहावा घात + १, एक्स = १.२५५४. घरामागे एंट्रॉपी ln १.२५५४ भागिले ७, म्हणजे ०.०३२५.

२९ जून
कालचा हिशेब शेवटाला नेला. 'दाब' म्हणजे बेरजेचा घरामागे लॉगॅरिदम, ज्या अवस्थेचा जास्त ती जिंकते. नेमॅटिकचा 'दाब' ln लॅम्डा. पूर्ण भरलेल्या पट्ट्यांचा म्यू/७ + ०.०३२५. झेड वाढत गेला की ln लॅम्डा आणि म्यू/७ यांतलं अंतर शून्याकडे जातं, ०.०३२५ मात्र जागचं हलत नाही. म्हणजे कुठे ना कुठे पट्टे जिंकणारच.

दोन्ही समान ठेवल्यावर उत्तर अनपेक्षितपणे सुबक आलं: लॅम्डा = एक्सचा सातवा घात, ४.९१. झेड = एक्सचा अठ्ठेचाळिसावा घात. म्यू = ४८ × ०.२२७५ = १०.९. तिथे नेमॅटिकची घनता ०.९६५, रिकामी घरं ०.०३५.

छापील आकडे: म्यू ५.५७ च्या आसपास, घनता ०.९१७. म्यू जवळपास दुप्पट चुकतोय. हे अपेक्षितच, कारण मी मिसळलेल्या अवस्थेला दोन सवलती नाकारल्या: तिच्यात रिकामी घरं असू दिली नाहीत आणि दांड्यांना पट्ट्यांची शिस्त लावली. त्या दिल्या की ती आधीच जिंकेल. नेमॅटिकमध्येही काही उभ्या दांड्या मी धरल्या नाहीत, पण तो फायदा लहान असावा: म्यू ५.५७ ला निव्वळ एका ओळीचा हिशेब घनता ०.९०७ देतो, छापील आकड्यापासून फार लांब नाही.

मग के मोठा घेतला तर? लॅम्डा = एक्सचा के-वा घात, म्यू = (के² − १) ln एक्स, हे कुठल्याही 'के'ला लागू आहे. के खूप मोठा झाला की म्यू ≈ के ln(के/ln के) आणि रिकामी घरं ≈ ln के/के². आगम शाह, धर आणि राजेश यांच्या २०२२ च्या कामात नेमकी हीच मुख्य पदं आहेत. त्यांचं म्हणणं असं की लांब दांड्यांसाठी दुसरं अवस्थांतर उडी मारून होतं: रिकाम्या घरांचं प्रमाण ln के/के² वरून एकदम घातांकी लहान होतं. माझ्या पट्ट्यांत ते थेट शून्य होतं, त्याचा अर्थ आता लागला. पट्ट्यांचा हिशेब के = ७ साठी ओबडधोबड, लांब दांड्यांसाठी मात्र मुद्द्याला धरून आहे.

आजची नोंद हाच या प्रकल्पाचा गाभा. ज्या हिशेबानं दांड्या एका दिशेला वळतात त्याच हिशेबानं त्या परत विस्कटतात. वळण्यातला सगळा फायदा रिकाम्या घरांना मोकळं फिरू देण्यात होता, आणि रिकामी घरंच उरली नाहीत तर एकाच दिशेला राहून मिळवायचं काय?

४ जुलै
घनदाट रन. ओळी भरण्याची युक्तीसुद्धा ०.९२ च्या वर दमते. उभ्या-आडव्याच्या अदलाबदलीला सलग जागा लागते आणि ती तयार व्हायला युगं जातात. एक वाढीव चाल घातली: ७×७ चा ठोकळा सात समांतर दांड्यांनी पूर्ण भरलेला सापडला की तो उभ्याचा आडवा, आडव्याचा उभा. दोन्हीकडून संभाव्यता समान, त्यामुळे डिटेल्ड बॅलन्स (जाण्या-येण्याचा तोल, ज्यामुळे मांडण्या योग्य प्रमाणात येतात) शाबूत. रिकामं घर नसतानाही ही चाल चालते, हा तिचा खरा गुण.

प्रत्येक म्यूसाठी दोन रन: एक पूर्ण आडव्या जाळीवरून, एक रिकाम्यावरून. दोन्ही एका ठिकाणी आल्याशिवाय आकडा लिहायचा नाही. म्यू ६ च्या वर आडव्यावरून निघालेला रन बराच काळ दिशा धरून ठेवतो, मग ती पाझरत जाते. रिकाम्यावरून निघालेल्यात दिशा येतच नाही.

९ जुलै
घनदाट विस्कळीत अवस्थेचं चित्र काढलं, आडव्या एका रंगात, उभ्या दुसऱ्या. विरळ विस्कळीत चित्राशी याचं अजिबात साम्य नाही. विरळमध्ये दांड्या एकेकट्या. इथे समांतर दांड्यांचे गठ्ठे, एकमेकांना काटकोनात टेकलेले, बरेचसे पट्ट्याच्या हिशेबातल्या ठोकळ्यांसारखे. रिकामी घरं गठ्ठ्यांच्या कोपऱ्यांत अडकलेली आणि जागा सोडत नाहीत.

दोन्ही विस्कळीत अवस्था एकच की वेगळ्या? दोन्हींत दिशा नाही, त्यामुळे सममितीच्या दृष्टीनं वेगळं म्हणायला आधार नाही. द्रव आणि वायूसारखं इथेही वळसा घालून एकीतून दुसरीत जाता येत असेल, असं मला वाटतं. रिकाम्या घरांना वेगळी किंमत देणारी किंवा आखूड दांड्या मिसळणारी दुसरी खुंटी मॉडेलला लावली तर हे तपासता येईल. आत्ता तो फाटा नको.

१४ जुलै
के = ९ चालू केला, जाळी नऊच्या पटीत. कारण के = ७ ला उडी असलीच तर फार लहान आहे, माझ्या जाळीवर ती दिसणार नाही. के = ९ ला दोन्ही अवस्था शेजारी-शेजारी नांदताना दिसतात असा पुरावा त्याच २०२२ च्या कामात आहे. माझा पट्ट्यांचा हिशेब इथे म्यू १५.५ आणि रिकामी घरं ०.०२३ देतो. सातच्या अनुभवावरून खरा म्यू बराच खाली असणार, म्हणून शोध खालून वर.

घनतेचा हिस्टोग्राम ठेवतोय, सरासरी नाही. उडी असेल तर दोन शेंडे दिसतील आणि जाळी मोठी केली की मधली दरी खोल होईल. रिकाम्या घरांच्या जागांची यादीही दर काही फेऱ्यांनी जपून ठेवतोय, कारण दोन अवस्थांच्या सीमेवर ती कुठल्या बाजूला राहतात हे मला चित्रात बघायचंय. रन मोठा आहे. तोवर पट्ट्याची रुंदी सातवरून चौदा करून एक्सचा आकडा किती सुधारतो ते ट्रान्सफर मॅट्रिक्सनं काढायला घेतलं.